भिंतीपलीकडचा राक्षस

चौदा वर्षांची माझी मुलगी एका राक्षसासाठी हमसून हमसून रडली आणि मला तिचा राग आला. खरं तर राग सिनेमाचा आला होता, पण सिनेमावर कुठे ओरडता येतं?

कोलकात्यातल्या सॉल्ट लेकच्या मॉलमधलं थिएटर, एसीचा बोचरा गारवा, दोघांच्या मध्ये पॉपकॉर्नचा डबा. पडद्यावर डोंगराएवढा, केसाळ, सुळे बाहेर आलेला एक प्राणी गुहेत एकटा बसून कुणाची तरी फाटकी बाहुली शिवत होता. गावाला आग लावली होती देखण्या, शुभ्र दातांच्या राजपुत्राने आणि आळ आला होता केसाळावर. मग पूर आला, केसाळाने अख्खं गाव पाठीवरून पलीकडे नेलं, लोकांना पश्चात्ताप झाला, गाणं झालं. दिवे लागले तेव्हा आजूबाजूच्या आया पर्समध्ये रुमाल शोधत होत्या.

"बाबा, तुला काहीच वाटलं नाही?"

"भूक लागली," मी म्हणालो.

"तू ना, दगड आहेस."

मी कमी बोलतो. सेक्टर फाइव्हमधल्या आमच्या ऑफिसात मला भालोमानुष म्हणतात, म्हणजे भला माणूस, कारण मी कुणाशी वाद घालत नाही. गप्प बसणाऱ्याला लोक चांगला समजतात. या गैरसमजावर मी बरीच वर्षं काढली.

सिनेमाला आम्ही नुसतेच गेलो नव्हतो. तिच्या शाळेत प्रकल्प होता: जुन्या परीकथांमधले नायक आणि राक्षस नव्या ॲनिमेशन सिनेमांनी कसे उलटेपालटे केले. लेखी निबंध, खाली पालकाची सही आणि मग वर्गासमोर वाचन. तिने डायनिंग टेबलवर मोठा कार्डपेपर पसरून दोन रकाने आखले होते. डावीकडे घोडा, तलवार, राजपुत्र, चेटकीण, राक्षस. उजवीकडे स्वतःच किल्ल्यातून उडी मारणारी राजकन्या, जिच्यावर आधी अन्याय झाला अशी चेटकीण, भाजी पिकवणारा राक्षस आणि लबाड राजपुत्र.

ती लहान असल्यापासून असले सिनेमे मी तिच्याबरोबर बघत आलोय, आणि दरवेळी बाहेर पडताना माझं डोकं फिरलेलं असतं. कशाने, ते आज सांगतो. केसाळाला लोक जवळ करतात, पण कधी? त्याने गाव वाचवल्यावर! आधी पुरात उतर, वणवा विझव, मर मर मर, मग आम्ही तुला पंगतीला घेऊ. आणि ज्याने कुठलंच गाव वाचवलं नाही त्याचं काय? जो नुसता रांगेत उभा राहून दूध आणतो, वाटाणे सोलतो, गॅस सिलिंडर उचलून देतो, त्याला कुठल्या गाण्यात जागा आहे? बरं, राक्षसाचा मुखवटा काढला म्हणून हे लोक तो फेकूनही देत नाहीत. राजपुत्राच्या तोंडावर बसवतात. कुणीतरी एक वाईट लागतोच, त्याशिवाय यांची गोष्ट उभी राहत नाही. आणि सगळ्यात मोठी चीड याची की राक्षस का बिघडला ते दाखवतात, राजपुत्र का बिघडला तेही हल्ली दाखवतात, पण 'तो बघ राक्षस' असं पहिल्यांदा ज्याने म्हटलं, तो नेहमी सुटतो. तो पडद्यावर नसतोच. तो गोष्ट सांगत असतो.

हे सगळं मी मनात बोललो. तोंडाने म्हणालो, "छान झालाय चार्ट."

"शेवट ऐक," ती म्हणाली आणि इंग्रजीत लिहिलेला निबंध मला वाचून दाखवू लागली. शेवटचा परिच्छेद साधारण असा होता: पण सगळेच राक्षस गैरसमजाचे बळी नसतात. सिनेमेवाल्यांना हे माहीत नाही, मला आहे. माझ्या लहानपणी आमच्याच घरात एक माणूस राहत होता, ज्याला मुलांना घाबरवायला आवडायचं. तो भिंतीआडून गुरगुरायचा. काही लोक खरंच वाईट असतात.

"कसाय?"

मी उठून पाणी प्यायलो.

तो माणूस माझा सख्खा मोठा भाऊ. कोलकात्यात रिक्षावाल्यापासून साहेबापर्यंत सगळेच दादा, पण माझा दादा एकच. कराडजवळच्या दूध संघात तो कारकून होता. लग्न ठरत होतं तेव्हाच त्याचे हात-पाय वाढायला लागले. डोक्यात खोलवर एक वाटाण्याएवढी ग्रंथी असते, तिचा रोग. बोटांतली अंगठी कापून काढावी लागली, जबडा पुढे आला, कपाळ वर आलं, जीभ जाड झाली, आवाज विहिरीतून आल्यासारखा खोल गेला. ठरत आलेलं लग्न मोडलं. रोग कळेपर्यंत बरीच वर्षं गेली होती. ऑपरेशन इथे कोलकात्यात झालं, वाढ थांबली, पण वाढलेलं हाड काही परत जात नाही. गुडघ्यांनी नोकरी सोडायला लावली आणि तो आमच्याकडे राहायला आला. तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती.

तिला जेवू घालायचं काम माझं. बायकोला कॉलेजातून यायला उशीर व्हायचा. संध्याकाळी सात वाजता वरणभाताची वाटी घेऊन मी तिच्यामागे घरभर फिरायचो. ती तोंड घट्ट मिटून बसायची. दिवसा सांभाळणाऱ्या मावशी तिला 'जुजू आशबे', जुजू येईल, म्हणून भीती घालायच्या, पण जुजू खिडकीतून येतो आणि आम्ही पाचव्या मजल्यावर. मी आपला बागुलबुवा काढला.

"तो कुठे असतो?" तिने विचारलं. तीन वर्षांची होती तेव्हा.

"असतो इथेच."

"त्याला बांगला येतं?"

काय सांगणार? आपल्याकडे बागुलबुवाचं बरं असतं. शेजारच्या काकू, किराणावाला, दूधवाला, सगळे त्याच्या बाजूने साक्ष द्यायला तयार. इथे आमच्या इमारतीत त्याला ओळखणारं दुसरं कुणीही नव्हतं. लिफ्टमध्ये तिने वॉचमनला विचारलं, तर तो हसून 'के?' म्हणाला, म्हणजे कोण?. एवढ्या लांब आणलेला आमचा बागुलबुवा कुणाच्याच ओळखीचा निघेना.

मग एका संध्याकाळी पलीकडच्या खोलीत दादाने पलंग सरकवला. धप्पकन आवाज झाला आणि पाठोपाठ तो खोकला. मुलीचे डोळे मोठे झाले, तोंड उघडलं. मी चटकन घास भरवला.

त्याच रात्री जेवताना मी दादाला म्हटलं, "उद्या मी भिंतीवर तीनदा टकटक केलं की जरा गुरगुर."

"कसं गुरगुरू?"

"राक्षसासारखं."

तो हसला. "मग काय, मेकअपचा खर्च वाचला."

दुसऱ्या दिवशी मी तीनदा टकटक केलं. भिंतीपलीकडून असा आवाज आला की मीसुद्धा दचकलो. वाटी रिकामी झाली. दादा नंतर स्वयंपाकघरात येऊन दबक्या आवाजात विचारायचा, "आज कसा झाला? जास्त नाही ना झाला? पोळी खाल्ली का?" पोळी खाल्ली म्हटलं की त्याचा तो मोठा चेहरा उजळायचा. त्याला वाटायचं, पुतणीला जेवू घालण्यात आपलाही हात आहे.

सुरुवातीला तो 'कोण' हे मी तिला सांगितलं नव्हतं. पण मुलं मूर्ख नसतात. एक दिवस तिने विचारलं, "काकाच आहे ना तो?" आणि मी, वाटी हातात धरून, गप्प बसलो. नाही म्हणायला हवं होतं, किंवा हसून सगळा खेळ उघड करायला हवा होता. मी गप्प बसलो, कारण अजून चार घास बाकी होते.

त्यानंतर ती पॅसेजमधून त्याच्या दारासमोरून पळत जायची, समोरच्या भिंतीला घासून. थंडीत तो बाजारातून तिच्यासाठी नव्या गुळाचे संदेश, इकडची मिठाई, आणायचा. त्याच्या हातातून ती घ्यायची नाही. तो माझ्या हातात द्यायचा, मी तिला द्यायचो, मग ती खायची. तो ते दारातून बघायचा.

"हे बंद कर," बायको म्हणायची. "ती भाऊजींच्या जवळही जात नाही."

"मोठी झाली की कळेल," मी म्हणायचो.

तिच्या सातव्या वाढदिवसाला वर्गातली दहा-बारा मुलं घरी आली. तोवर जेवण्याचा प्रश्न सुटला होता, टकटक कधीतरीच व्हायची. केक कापून झाला, मोठी माणसं बाल्कनीत चहा घेत होती आणि माझ्या लेकीने पाहुण्यांना आमच्या घरातला राक्षस दाखवायचं ठरवलं. ती सगळ्यांना भिंतीपाशी घेऊन गेली आणि माझं बघून बघून शिकलेली टकटक तिने केली. तीनदा.

दादा आपल्या खोलीत बसला होता. त्याला तिथेच बस असं मीच सांगितलं होतं, 'गर्दी आहे, तुला त्रास होईल' म्हणून. टकटक ऐकली आणि त्याने इमानदारीत आपलं काम केलं. चांगला दणदणीत गुरगुरला.

मुलं किंचाळत पळाली. एक मुलगी टेबलाच्या कोपऱ्यावर आपटली, तिचा ओठ फुटला. सगळे आईबाप धावत आले. दार उघडून दादाही बाहेर आला, काय झालं ते बघायला. त्याला बघून दोन मुलं आणखी जोरात रडली. ओठ फुटलेल्या मुलीचे वडील मला म्हणाले, "हे कोण? घरात असं कुणी आहे, आधी सांगायचं तरी!"

आणि मी, हॉलच्या मधोमध, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "सॉरी, सॉरी. त्याला समजत नाही. कितीदा सांगितलंय त्याला."

हे वाक्य मी सात वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं. बायको स्वयंपाकघरात बर्फ काढत होती, तिने ऐकलं नाही. दादाने ऐकलं. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं, सगळ्यांना हात जोडले आणि आत जाऊन हळूच दार लावलं.

आठवड्याने तो म्हणाला, "मला इथली दमट हवा मानवत नाही. तिकीट काढ." पाच वर्षं मानवलेली हवा! मी विचारलंही नाही. तिकीट काढलं. मुलीला सांगितलं, काकाला इथे कंटाळा आला. आता तो कराडला एका खोलीत एकटा राहतो. वर्षातून एकदा तपासणीसाठी कोलकात्याला यायचा, तोही हॉस्पिटलजवळच्या लॉजवर उतरायचा. 'तुमची धावपळ नको.' मी ऑफिसातून परस्पर त्याला भेटून यायचो.

या वर्षी त्याचे गुडघे फारच आखडले होते, म्हणून बायकोनेच फोन करून त्याला घरी यायला लावलं. तो शनिवारी सकाळी पोचणार होता. निबंधाचं वाचन सोमवारी होतं. लेकीने जाहीर केलं, "तो असेपर्यंत मी मैत्रिणीकडे राहते. तीन दिवसांचाच प्रश्न आहे."

शुक्रवारी संध्याकाळी तिची सॅक दाराशी येऊन बसली. बायकोने सॅककडे बघितलं, मग माझ्याकडे. "तू सांगणार आहेस की मी सांगू? आणि मी सांगितलं तर तुझी बाजू घेणार नाही हं."

मी सांगितलं. तिच्या खोलीत, म्हणजे दादाच्या जुन्या खोलीत, तिच्या खुर्चीसमोर स्टुलावर बसून. वरणभात, बागुलबुवा, टकटक, सगळं. ती आधी हसली, तिला थट्टा वाटली. मग हसू गेलं.

"म्हणजे तू टकटक करायचास?"

"हो."

"आणि तो तू सांगितलंस म्हणून करायचा?"

"हो."

"मग मी विचारलं होतं तुला. काकाच आहे ना, असं. मला आठवतंय, बाबा! तू काही बोलला नाहीस!"

"नाही बोललो."

"का?"

चार घास बाकी होते, असं कसं सांगायचं? पण तेच खरं होतं. तेच सांगितलं. मग वाढदिवसाचं सांगितलं, ते वाक्यही. जसंच्या तसं.

तिने हातातल्या पेनला टोपण लावलं. मग म्हणाली, "तू सगळ्या सिनेमांत नाक मुरडत बसायचास. मला वाटायचं तुला राक्षस आवडत नाहीत." आणि मला बाहेर जायला सांगितलं.

शनिवारी सकाळी मी हावड्याला निघालो तेव्हा सॅक दाराशीच होती. गाडी तासभर उशिरा आली. दादा दोन्ही हातांनी कठडा धरून उतरला. आधी बाजूला झालेल्या लोकांनी मग वळून बघितलं. टॅक्सीत तो पुलाबद्दल, उकाड्याबद्दल, डब्यातल्या घोरणाऱ्या माणसाबद्दल बोलला. मी त्याला काही सांगितलं नाही. दारात सॅक नसली तर काय सांगायचं, एवढंच डोक्यात चाललं होतं. मैत्रिणीच्या घरी गेलीय, अभ्यास आहे. खोटं पुन्हा तयारच होतं. सवय लागलेली असते.

सॅक दाराशीच होती. दार तिनेच उघडलं. ती पुढे झाली नाही, मागेही सरकली नाही. दादाने सवयीने पिशवीतला चिवड्याचा डबा काढला आणि तिच्याकडे न बघता माझ्या हातात दिला, तिला देण्यासाठी.

"मला दे ना," ती म्हणाली. "मध्ये बाबा कशाला?"

दुपारी जेवताना तिने थेट विषय काढला. "काका, बाबाने मला सांगितलं. तो भिंत वाजवायचा ते."

दादाने आमटीचा भुरका घेतला. "मग? गुरगुरायचो तर मीच ना. त्याला कुठे जमणार? त्याचा आवाज बघ, मांजरासारखा."

"जोक नको मारूस. तू का करायचास?"

"तू जेवायचीस म्हणून." मग भात कालवत, "शिवाय घरात मला तेवढंच एक काम होतं. दुसरं काही कुणी सांगायचं नाही."

बायकोने मान खाली घातली. मी म्हणालो, "दादा, वाढदिवसाच्या दिवशी मी जे बोललो..."

"भिंत पातळ आहे रे तुमची," तो म्हणाला. "आणि तू तर हॉलमध्येच बोललास. राहू दे."

"राहू दे नाही," मुलगी ताडकन म्हणाली. "का राहू दे? तू का राहू दे म्हणतोस? तुला राग येत नाही?"

"यायचा," दादा म्हणाला. "पहिली दोन वर्षं रोज यायचा. मग गुडघे जास्त दुखायला लागले." आणि तो हसला. त्या हसण्यावरच मी भडकलो, म्हणजे स्वतःवर. या माणसाने एकदा माझ्या थोबाडीत मारायला हवी होती. त्याचे हात बघा केवढे आहेत! ते हात भात कालवत बसले.

सिनेमात इथे पाठीमागून व्हायोलिन वाजलं असतं, पुतणी काकाच्या गळ्यात पडली असती. तसं काही झालं नाही. ती पान वाढून घेऊन जेवली. जेवण झाल्यावर सॅक उचलून खोलीत नेली आणि त्यातले कपडे परत कपाटात ठेवले. काकाला तिची खोली द्यायची म्हणून स्वतःची गादी हॉलमध्ये आणली. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "येतं मला."

रविवारी सकाळी तिने निबंध माझ्यासमोर ठेवला. पालकाची सही हवी होती. चार्ट तोच होता. शेवटचा परिच्छेद खोडून नवा लिहिला होता. मी वाचला. त्याचा मराठीत अर्थ असा: नव्या सिनेमांनी राक्षसाला चांगला केलं आणि राजपुत्राला वाईट. पण गोष्ट सांगणाऱ्याकडे अजून कुणी बघितलेलं नाही. आमच्या घरातला राक्षस बंद खोलीत राहत नव्हता. तो बाहेर, माझ्यासमोर बसायचा, वरणभाताची वाटी घेऊन.

"हे उद्या सगळ्यांसमोर वाचणार?" मी विचारलं.

"हो."

वर्गातल्या बऱ्याच मुलांचे आईबाप मला ओळखतात. ज्या मुलीचा ओठ फुटला होता, ती अजून त्याच वर्गात आहे. तिचे वडील अधूनमधून बाजारात भेटतात, 'कॅमोन आछेन', कसे आहात, म्हणतात. माझ्या हातात पेन होतं. एक शब्द बदल, असं मी म्हणू शकलो असतो. 'राक्षस'ऐवजी काहीतरी. निदान 'वडील' असं स्पष्ट कळू नये इतपत.

मी सही केली. पूर्ण नावाची, वाचता येईल अशी.

तिने कागद फुंकर मारून वाळवला, फाइलमध्ये ठेवला आणि हाक मारली, "काका, चल."

दादाचे बूट झिजले होते. त्याच्या मापाचे तयार मिळत नाहीत. एस्प्लनेडजवळ चिनी बूटवाल्यांची जुनी दुकानं आहेत, तिथे पाय कागदावर ठेवून, पेन्सिलीने आखून बूट शिवून देतात. पूर्वी मीच त्याला तिथे न्यायचो, आणि वाटेत लोक बघायला लागले की चार पावलं पुढे चालायचो. हेही आज सांगून टाकतो.

मी चपला घालायला लागलो.

"बाबा, तू नको येऊस," ती म्हणाली. रागाने नाही, नुसतं सांगितल्यासारखं.

बाल्कनीतून मी बघत राहिलो. गेटपाशी एक बाई आपल्या लहान मुलाला घेऊन उभी होती. मुलगा दादाकडे टक लावून बघायला लागला, मग बाईही. माझी लेक थांबली. पाच मजले वर मला स्पष्ट ऐकू आलं.

"की देखछेन?" काय बघताय?

बाईने मुलाला जवळ ओढलं आणि नजर वळवली. दादा काहीतरी म्हणाला, बहुतेक राहू दे असंच. ती त्याच्यावरही डाफरली. मग दोघं ऑटोच्या रांगेकडे गेली. दादा हळूहळू, एकेक पाऊल टाकत. आणि ती त्याच्या बरोबरीने, त्याच वेगाने.